टिक्का, अफ्लाटॉक्सिन आणि ‘जीएम भुईमूग’: मंगरूळपीरकडच्या एका कास्तकाराला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. वाशीम जिल्ह्यात मंगरूळपीरकडचे एक कास्तकार आहेत. खरिपात बियाण्यापुरता एकरभर भुईमूग, उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्यावर पाच एकर. खरिपात टिक्क्यानं पानं झडतात. उन्हाळी मालाचा भाव व्यापाऱ्यानं ‘अफ्लाटॉक्सिन निघालं’ म्हणून, म्हणजे दाण्यात बुरशीचं विष निघालं म्हणून, पाडला. आता कृषी केंद्रावर कुणीतरी सांगितलं की दोन्हींवर चालणारं जीएम, म्हणजे बाहेरचं जनुक घातलेलं, बियाणं येतंय, आगाऊ नोंदणी करा. त्यांचं विचारणं: असं बियाणं खरंच आहे का? खायला धोक्याचं नाही ना? बोंडअळी मारणारं जनुक घातलेल्या बीटी कापसासारखं काही वर्षांत निकामी होईल का? आणि नाकारलेले दाणे घाण्यावर नेऊन ढेप म्हशीला घातली तर चालेल का?

भाऊ, आधी पैशाचं बोलतो. आगाऊ एक रुपया भरू नका. आपल्या देशात शेतकऱ्याच्या वावरात कायदेशीर उभं राहणारं जीएम पीक आजही एकच आहे, कापूस. ती परवानगी २००२ची. बीटी वांग्याला फेब्रुवारी २०१०मध्ये स्थगिती दिली, ती तशीच आहे. जीएम मोहरीला ऑक्टोबर २०२२मध्ये पर्यावरणीय मान्यता मिळाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात जाऊन अडकलं. जुलै २०२४मध्ये दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. भुईमूग या रांगेत कुठंच उभा नाही. तुम्हाला पाकीट दाखवलंच तर त्यात बहुतेक आपला नेहमीचाच दाणा नव्या नावानं भरलेला असेल. तणनाशक सहन करणाऱ्या बेकायदा कापसाची पाकिटं आपल्या भागात किती फिरली हे तुम्हाला सांगायला नको. जून २०१९मध्ये अकोट तालुक्यात अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी तो कापूस उघडपणे पेरून सत्याग्रह केला. तंत्रज्ञान मिळावं ही मागणी मला चुकीची वाटत नाही. पण बिनपावतीचं पाकीट उगवलं नाही तर तक्रार कुणाकडं नेणार?

तरीही त्या दुकानदाराचं बोलणं अगदीच हवेतलं नाही. अफ्लाटॉक्सिन जवळजवळ न धरणारा भुईमूग प्रयोगशाळेत आणि काचघरात झालेला आहे, आणि तोही आपल्या शेजारी, हैदराबादजवळ पाटनचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक-संशोधन संस्थेत. तो कसा चालतो ते सांगतो. पण त्याआधी तुमच्या दोन तक्रारी वेगळ्या कराव्या लागतील, कारण त्या एका बुरशीच्या नाहीत, एका हंगामाच्याही नाहीत.

टिक्का हा ओल्या पानाचा रोग. श्रावणात झड लागते, पान तास न् तास ओलं राहतं, तेव्हा तो बसतो. पान उलटून बघा. वरून तपकिरी ठिपका आणि भोवती पिवळं कडं असेल तर तो लवकर येणारा टिक्का. खालच्या बाजूला काळाकुट्ट, हाताला खरखरीत लागणारा ठिपका असेल तर तो उशिरा येणारा, आणि आपल्याकडं जास्त नुकसान त्याचंच. सोबत पानाखाली नारिंगी पूड दिसली, बोटाला लागली, तर तो तांबेरा. हे सगळे पानं खातात. पानं गेली की दाणा भरत नाही, आऱ्या (जमिनीत शिरून शेंग धरणारे देठ) कुजट होतात आणि उपटताना निम्म्या शेंगा जमिनीतच राहतात. पण टिक्क्याचा दाणा खाल्ल्यानं माणसाला काही होत नाही.

अफ्लाटॉक्सिनचं सगळं उलटं. ते करणारी बुरशी ॲस्परजिलस फ्लेव्हस, पिवळसर-हिरवी. ती तुमच्या मातीत कायमची आहे, माझ्याही आहे. पानाशी तिचं देणंघेणं नाही. तिला हवी तापलेली, कोरडी माती आणि तहानलेली शेंग. काढणीआधीचा शेवटचा महिना-दीड महिना पाण्याचा ताण पडला आणि शेंगेभोवतीची माती पंचवीस ते एकतीस-बत्तीस अंशांच्या दरम्यान राहिली की तिचं फावतं. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. हिरवा, रसरशीत दाणा स्वतःचं रक्षण करतो. बुरशी टेकली की तो बुरशीला मारक अशी द्रव्यं जागेवर तयार करतो. दाण्यातलं पाणी एका पातळीखाली गेलं की हे काम बंद पडतं. बुरशीला मात्र तेवढ्या ओलाव्यात अजून मजेत वाढता येतं. दाण्याचा पहारा उठलेला आणि चोर जागा, असे ते मधले काही दिवस. दाणा पुरता वाळून आठ टक्क्यांच्या खाली गेला की बुरशीचंही थांबतं.

आता तुमचा एप्रिल आठवा. विहीर तळाला गेलेली, लाईन रात्री येणार आणि मध्येच जाणार, दोन पाळ्या चुकलेल्या. अफ्लाटॉक्सिन तिथं धरलं. मग मे अखेरीस शेंगा उपटून ढीग लावला आणि अवकाळी पाऊस आला, तर त्यात भर पडली. व्यापाऱ्याच्या गोदामात जे मोजलं गेलं ते बरंचसं वावरातूनच आलेलं असतं, हे बऱ्याच जणांना पटत नाही.

म्हणजे एका रोगाला पाऊस हवा, दुसऱ्याला पावसाचा अभाव. ‘दोन्हींवर चालणारं’ बियाणं करायचं तर जनुकंही दोन वेगळ्या कामांची घालावी लागतील. एकाच जनुकानं दोन्ही साधतं असं कुणी सांगत असेल तर त्याला टिक्का आणि फ्लेव्हस यांतला फरक ठाऊक नाही.

बुरशीच्या विषांबद्दल एक गोष्ट आधी ठरवून घ्यावी लागते: ते विष कुणाला मारण्यासाठी आहे? काही बुरशा झाडाला मारायला विष सोडतात. मक्यावर पानं करपवणारी एक बुरशी आहे, तिचं विष मक्याची संरक्षणाची यंत्रणाच बंद पाडते. पण बहुतेक मक्यांत एचएम-१ नावाचं जनुक असतं, ते त्या विषाची मोडतोड करतं आणि झाड वाचतं. १९९२मध्ये हे जनुक वेगळं काढलं गेलं. वनस्पतीतलं रोगप्रतिकारक जनुक हातात आलं ते तेव्हा पहिल्यांदा. म्हणजे ‘विष मोडणारं जनुक’ ही कल्पना माणसाची नाहीच, मक्याकडं ती आधीपासून होती. गव्हाच्या ओंबीवर येणाऱ्या फ्युजॅरियम बुरशीचं विष मोडणारं एक जनुक चिनी संशोधकांनी २०२०मध्ये गव्हाच्या एका रानटी नातलग गवतातून शोधलं. गंमत म्हणजे त्यांच्या मते ते जनुक त्या गवतात फार पूर्वी एका बुरशीतूनच आलं असावं. ‘निसर्गात असं एका जिवाचं जनुक दुसऱ्यात जात नाही’ असं कुणी ठासून सांगितलं की मला हे गवत आठवतं.

उलट उदाहरणही सांगितलं पाहिजे. १९७०मध्ये अमेरिकेत मक्यावर पानांच्या करप्याची साथ आली आणि देशाचं सुमारे पंधरा टक्के पीक गेलं. तिथं तेव्हा बहुतेक संकरित बियाण्याची आई एकाच प्रकारच्या नर-वंध्य पेशीद्रव्याची, म्हणजे तुऱ्यात पराग न धरणारी, होती. बियाणं तयार करायला ती सोयीची, कारण तुरे काढायची मजुरी वाचते. आणि नेमकी तीच आई त्या बुरशीच्या विषाला बळी पडणारी निघाली. यात जनुक-अभियांत्रिकीचा काही संबंध नव्हता. ते तंत्र तेव्हा नव्हतंच. पण सगळ्यांनी एकच रक्त पेरलं की काय होतं ते त्या साली दिसलं. नव्या बियाण्याबद्दल मला कुणी विचारलं तर मी पहिल्यांदा हेच बघतो: ते किती वेगवेगळ्या वाणांत घातलंय?

अफ्लाटॉक्सिन मात्र झाडासाठी नाहीच. भुईमुगाच्या झाडाला त्याचं काही वाटत नाही. ते आपलं आणि जनावरांचं यकृत खातं. जगाला ते कळलं १९६०मध्ये, इंग्लंडात टर्कीची हजारो पिल्लं मेली तेव्हा. त्यांच्या खाद्यात शेंगदाण्याची पेंड होती. आपल्याकडं १९७४मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात भिजलेला, बुरसटलेला मका खाऊन शंभराहून जास्त माणसं गेली. ही आदिवासी गावं. घरात दुसरं धान्य नव्हतं म्हणून लोकांनी तो मका खाल्ला. थोडं-थोडं रोज पोटात गेलं तर माणूस लगेच मरत नाही, यकृताचा कर्करोग होतो, आणि कावीळ ‘ब’ झालेल्यांना हा धोका कैक पटीनं जास्त. दाणे भाजले, उकळले तरी हे विष पुरतं जात नाही.

आता इक्रिसॅटच्या भुईमुगाकडं येतो. त्यांनी दोन वाटांनी काम केलं. पहिली वाट डिफेन्सिनची. ही झाडांची स्वतःची छोटी प्रथिनं. बुरशीच्या पेशीचं आवरण फोडतात. त्यासाठीची जनुकं घेतली लसूणघासातून आणि तिच्या एका जवळच्या भावंडातून. होय, तुम्ही म्हशीला कापून घालता तीच लसूणघास. ही जनुकं भुईमुगात घातल्यावर दाण्यात बुरशीला घुसणं, पसरणं अवघड झालं.

दुसरी वाट मला जास्त आवडते, कारण तिच्यात बुरशीला मारायचंच नाही. अफ्लाटॉक्सिन बनवायला बुरशीला एकामागून एक अशा बऱ्याच पायऱ्या लागतात आणि प्रत्येक पायरीला एक जनुक. त्यातल्या दोन पायऱ्यांच्या जनुकांशी जुळणारे आरएनएचे (जनुकाचा निरोप नेणाऱ्या रेणूचे) तुकडे भुईमूग स्वतः तयार करील अशी व्यवस्था केली. बुरशी दाण्यात शिरली, दाण्यातला रस प्यायली की ते तुकडे तिच्या पोटात जातात आणि तिची ती दोन जनुकं गप्प बसतात. डीपीवरचा फ्यूज काढून ठेवल्यावर मोटार जागेवर असते, पण पाणी येत नाही, तसं. बुरशी जिवंत राहते, विष बनत नाही. मुद्दाम बुरशी लावून केलेल्या चाचण्यांत साध्या दाण्यात विषाचं प्रमाण हजारो पीपीबीवर गेलं, या दाण्यांत वीसच्या आत राहिलं, काही ओळींत तर चारच्याही खाली. या कामाचा शोधनिबंध २०१७मध्ये समोर आला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठातल्या गटानं हीच युक्ती मक्यात करून दाखवली.

पीपीबी म्हणजे किती, तेही सांगतो. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा प्रक्रियेसाठीच्या शेंगदाण्याला पंधरा पीपीबी आहे. एक टन दाण्यात पंधरा मिलिग्रॅम. तुमच्या एका क्विंटलमागं दीड मिलिग्रॅम. थेट खायच्या शेंगदाण्याला युरोपची मर्यादा चार आहे, म्हणून निर्यातीचा माल परत येतो.

इथं व्यापाऱ्याच्या मोजणीवर दोन शब्द. अफ्लाटॉक्सिन पोत्यात साखरेसारखं सारखं मिसळलेलं नसतं. हजारो दाण्यांत एखादाच दाणा बाधलेला असतो, पण त्या एकट्यात इतकं विष की तो दळणात आला तर अख्खा नमुना नापास होतो. नाही आला तर त्याच पोत्याचा दुसरा नमुना स्वच्छ निघतो. मूठभर दाण्यांवर केलेली चाचणी म्हणून खरीही नसते, खोटीही नसते. नमुना काही किलोंचा हवा, वेगवेगळ्या पोत्यांच्या वर-मध्ये-खालून काढलेला, आणि सगळा दळून, नीट मिसळून मग मोजलेला. पुढच्या वेळी व्यापाऱ्याला विचारा: किती पोत्यांतून घेतलं, किती किलो दळलं, कागद कुठाय? कागद नसेल तर ती चाचणी भाव पाडण्यापुरती होती असं मी धरून चालेन.

या मोजणीचा जीएमशीही संबंध आहे. काचघरात दाण्याला टोचून बुरशी लावली आणि विष कमी निघालं, ही झाली पहिली परीक्षा. खरी परीक्षा तुमच्या मे महिन्यातल्या भेगाळलेल्या वावरात, वाळवीनं टोकरलेल्या शेंगेवर, वेगवेगळ्या जातीच्या फ्लेव्हससमोर. ती वावरातली परीक्षा पास झाल्याशिवाय मी कुणालाही हे बियाणं चांगलं म्हणणार नाही, कागदावर कितीही देखणं असो.

वाळवीवरून आठवलं. जनुक-अभियांत्रिकीनं वावरातलं बुरशीचं विष खरोखर कमी झाल्याचं पहिलं ठळक उदाहरण बुरशीविरुद्धच्या जनुकाचं नाहीच. अमेरिकेतल्या बीटी मक्यात फ्युमोनिसिन नावाचं विष साध्या मक्यापेक्षा कमी आढळलं, हे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आयोवात दिसलं. ते विष करणाऱ्या फ्युजॅरियमला बीटीनं काही केलं नव्हतं. अळी कमी, कणसाला भोकं कमी, बुरशीला शिरायला वाट कमी, एवढंच. कापसातही असंच. ॲरिझोनात गुलाबी बोंडअळीनं पाडलेल्या भोकांतून फ्लेव्हस सरकीत शिरते हे जुनं निरीक्षण आहे. आपली पऱ्हाटी, आपली गुलाबी बोंडअळी आणि आपली सरकीची ढेप डोळ्यांसमोर आणा. ढेपेचा विषय शेवटी घेतो.

टिकाऊपणाचा प्रश्न तुम्ही बरोबर विचारला. बोंडअळी बीटीला दाद देईनाशी झाली, बुरशीचंही तसंच होईल का? रोगाच्या बुरशीविरुद्ध एकच जनुक घातलं तर ते मोडतं, हा गव्हाच्या तांबेऱ्यापासूनचा अनुभव आहे. बुरशीला जगायचं असेल तर ते मोडावंच लागतं. म्हणून टिक्का-तांबेऱ्यासाठी एकट्या जनुकावर माझा भरवसा नाही. विष बंद करणाऱ्या आरएनएचं गणित वेगळं आहे. विष न बनवणाऱ्या फ्लेव्हसच्या जाती निसर्गात आहेतच आणि त्या सुखानं जगतात. विष बंद झाल्यानं बुरशी उपाशी मरत नाही, मग तिच्यावर वाट शोधायची सक्तीही तितकी नाही. अफ्लाटॉक्सिनच्या बाबतीत ही वाट बीटीपेक्षा जास्त टिकावी असं मला याच कारणानं वाटतं. बिनविषारी जाती मुद्दाम वावरात सोडून विषारी जातींना जागाच न ठेवण्याचा उपाय ॲरिझोनाच्या कापसात आणि पुढं आफ्रिकेत मका-भुईमुगात वापरला गेला. आफ्रिकेत ती बुरशी चढवतात भाजलेल्या ज्वारीच्या दाण्यावर, आणि तो दाणा वावरात फेकतात. हे जीएम नाही.

सुरक्षिततेचं थोडक्यात. डिफेन्सिन हे नवं प्रथिन, म्हणून त्याची ॲलर्जीची आणि पचनाची तपासणी झालीच पाहिजे. शेंगदाण्याची मुळातच काही लोकांना ॲलर्जी असते, तेव्हा इथं जास्त काटेकोरपणा हवा. आरएनएच्या वाटेत नवं प्रथिन बनत नाही. आरएनए आपण प्रत्येक भाजीतून खातोच. पराग उडून रानात जाण्याची भीती भुईमुगात फार कमी: फूल स्वतःच स्वतःला फळवतं आणि त्याचे रानटी नातलग दक्षिण अमेरिकेत आहेत, आपल्या धुऱ्यावर नाहीत. परीक्षा सगळ्या व्हाव्यात. पण तुलना करायची ती ‘जीएम विरुद्ध शुद्ध दाणा’ अशी नको; आज बाजारात जो बाधलेला दाणा आपण खातो त्याच्याशी करा.

मग इतकी वर्षं उलटूनही बियाणं का नाही? नियमांची वाट लांब आहे हे एक. वावरातल्या चाचणीला केंद्राची समिती लागते आणि राज्याचं ना-हरकतही. पण माझ्या मते मोठं कारण तुमच्या कोठीत आहे. कापसाचं पाकीट अर्ध्या किलोच्या आतबाहेरचं, संकरित, दरवर्षी विकत घ्यायचं. भुईमुगाला एकरी चाळीस-पन्नास किलो दाणा लागतो, वाण सरळ, आणि तुम्ही खरिपात एकरभर पेरून घरचं बियाणं करता. एका किलोतून आठ-दहा किलोच परत येतं. कंपनीला यात कमाई दिसत नाही. हे बियाणं आलंच तर सरकारी संस्थेतून येईल, आणि सरकारी संस्था वादाच्या विषयात हळू चालतात.

टिक्क्याचं मात्र वाट बघण्यासारखं नाही. त्यावरही जीएमचे प्रयोग झाले आहेत. भाताचं कायटिनेज जनुक, जे बुरशीची भिंत खातं, भुईमुगात घालून उशिरा येणारा टिक्का कमी झालेला दिसला. पण त्याची गरजच कमी आहे, कारण प्रतिकार भुईमुगाच्या रानटी भावंडात होता आणि तो साध्या संकरानं धारवाडच्या जीपीबीडी-४ या वाणात आलेला आहे. तिथून तांबेऱ्याच्या प्रतिकाराचा तुकडा मार्करच्या साह्यानं, फक्त खुणेवरून रोपं निवडत, टीएजी-२४ आणि जेएल-२४ या वाणांत घालण्याचं काम इक्रिसॅटनं केलं. ते २०१४मध्ये प्रसिद्ध झालं. टीएजी म्हणजे ट्रॉम्बे अकोला ग्राउंडनट: भाभा अणुसंशोधन केंद्र आणि आपलं अकोल्याचं कृषी विद्यापीठ यांचा वाण. उन्हाळ्यात उत्तम, पण खरिपात टिक्का-तांबेऱ्याला लवकर बळी पडणारा. तुमची पानं झडतात ती बहुधा म्हणूनच. उन्हाळ्याचाच वाण तुम्ही बियाण्यासाठी खरिपात पेरताय. विद्यापीठात किंवा कृषी विज्ञान केंद्रात जाऊन टिक्का-तांबेरा सहन करणारा, आपल्या जिल्ह्यासाठी शिफारस असलेला वाण विचारा. यात जीएम काही नाही, परवानगीची भानगड नाही.

तुरीचं एक उदाहरण सांगायचा मोह आवरत नाही. सोयाबीनच्या तांबेऱ्याला तोंड देणारं एक जनुक तुरीत सापडलं, ते सोयाबीनमध्ये घातलं आणि सोयाबीन तांबेऱ्याला पुरून उरलं. काम इंग्लंड-ब्राझीलकडच्या संशोधकांचं, २०१६मधलं. आपण पिढ्यान् पिढ्या तुरीचं तास लावतो, आता सोयाबीनच्या पट्ट्याशेजारी. दोघांचा संकर होत नाही, म्हणून ते जनुक सोयाबीनकडं आपोआप कधी गेलं नसतं. जनुक-अभियांत्रिकी कुठं वापरावी याचं इतकं सरळ उदाहरण दुसरं मला माहीत नाही. जिथं संकरानं भागतं तिथं संकर, जिथं भागत नाही तिथं हे.

बाहेरचं जनुक न घालता झाडाचं स्वतःचं जनुक दुरुस्त करणारं संपादनाचं तंत्रही आलंय. त्यातल्या साध्या प्रकारांना मार्च २०२२मध्ये केंद्रानं जीएमच्या कडक नियमांतून सूट दिली आणि मे २०२५मध्ये भाताचे असे दोन वाण जाहीर झाले. गव्हात तीन प्रती एकदम बंद करून भुरी रोखल्याचं २०१४मध्ये चीनमध्ये झालंच होतं. भुईमुगातही असंच करावं लागेल, त्याच्यातही जनुकांचे दोन संच आहेत. पुढच्या काही वर्षांत पानांच्या रोगांवर काही येणार असेल तर ते याच रस्त्यानं यावं, असा माझा होरा आहे.

तोवर उन्हाळी पिकाचं. पाच एकर करण्यापेक्षा विहीर शेवटच्या दीड महिन्यात पुरवेल तेवढंच करा. तीन एकर भरपूर पाण्यावर घेतलेला माल पाच एकर तहानलेल्यापेक्षा भावातही सरस ठरतो. पेरणी जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उरका. आऱ्या सुटताना एकरी दीड-दोन क्विंटल जिप्सम द्या, टरफल भक्कम होतं आणि तडकत नाही. उपटल्यावर शेंगा वर करून वेल वाळवा. ढीग नको, ताडपत्री झाकून घाम फुटू देणं तर नकोच. शेंग कानाशी हलवून दाणा खुळखुळला, दाणा चोळल्यावर लाल साल सुटली की कोठीत भरा. आणि मशीनवर फोडण्याआधी शेंगांवर पाणी मारायची जी पद्धत पडली आहे, दाणा तुटू नये म्हणून, ती सोडा. वाळवलेल्या मालाला आपण स्वतः परत ओल देतो आणि पोती शिवून ठेवतो. फ्लेव्हसला याहून चांगली सोय दुसरी कुणी करून दिली नसेल.

नाकारलेल्या मालाचं आता. घरातल्या बायामाणसांना बसवून निवडायला लावा: सुरकुतलेला, रंग गेलेला, काळपट, भोक पडलेला दाणा बाजूला. विषाचा मोठा वाटा या थोड्याशा दाण्यांतच असतो, त्यामुळे निवडलेला माल पुन्हा तपासला तर पास होण्याची शक्यता बरीच. दाण्याच्या दोन डाळिंब्या वेगळ्या करून बघा. मधल्या पोकळीत हिरवट-पिवळी पूड दिसली तर तोंडात टाकू नका.

बाजूला काढलेला दाणा घाण्यावर नेऊ नका. तेल काढलं की विष बहुतेक ढेपेत उतरतं, आणि घाण्याचं न शुद्ध केलेलं तेलही पुरतं सुटत नाही. ती ढेप म्हशीला घातली तर विषाचा काही भाग रूप बदलून दुधात येतो, आणि दुधाची मर्यादा अर्धा पीपीबी आहे, दाण्याच्या तीसपट कडक, कारण दूध लेकरं पितात. सरकीच्या ढेपेलाही हेच लागू. पावसाळ्यात कुबट वास येणारी, गुठळ्या झालेली ढेप स्वस्त मिळते. ती घेऊ नका. गाभण आणि दुभत्या जनावराला तर नाहीच. कोंबड्या-बदकांनाही टाकू नका, ती सगळ्यांत आधी मरतात. बियाण्यालाही तो दाणा वापरू नका, रोप उगवतानाच कुजतं. जाळा किंवा खोल पुरा, आणि निवडताना तोंडाला फडकं बांधा.

अकोल्याला विद्यापीठात चाचणीची सोय आणि दर आधी फोनवर विचारून घ्या, मग निवडलेल्या मालाचा दोन-तीन किलोंचा नमुना, सगळ्या पोत्यांतून थोडा-थोडा काढून, कापडी पिशवीत न्या. प्लास्टिकच्या पिशवीत नको, वाटेत घामेजतो.